शिशाच्या गावातलं पावसाचं पाणी

पावसाचं पाणी गावाबाहेर काढणं हे तसं सरळ काम. उतार पाहायचा, चर खणायचा, रस्त्याखालून मोरी घालायची आणि पाणी जवळच्या ओढ्याला नेऊन सोडायचं. डोंगरातल्या गावाला उताराची कधीच वाण नसते, त्यामुळे तिथे हे काम आणखी सोपं असायला हवं. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात, रॉकी पर्वतात, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून उंचावर वसलेल्या लेडव्हिल या गावात मात्र ते गेली चाळीस वर्षं सोपं झालेलं नाही. गावाच्या नावातच शिसं आहे. इंग्रजीत शिशाला ‘लेड’ म्हणतात. लेडव्हिल म्हणजे शिशाचं गाव. गावाच्या पूर्वेच्या डोंगरउतारावर खाणींतून काढलेल्या दगडमातीचे ढीग उभे आहेत आणि वरून येणारं पाणी या ढिगांवरून, ढिगांमधून झिरपत गावाकडे येतं. ते नुसतं गढूळ असतं, तर कुठेतरी थांबवून निवळू दिलं असतं. पण त्यात शिसं, जस्त आणि कॅडमियम असतं आणि यातला बराच भाग पाण्यात विरघळलेला असतो. विरघळलेली गोष्ट निवळत नाही.

गावची वस्ती आज जेमतेम अडीच-तीन हजारांची. एकेकाळी मात्र हे कोलोराडोतलं मोठं शहर होतं. १८६० साली इथल्या ‘कॅलिफोर्निया गल्च’ नावाच्या घळीत वाळूत सोनं सापडलं. सोनं चाळणाऱ्यांना एका जड काळ्या वाळूचा फार त्रास होई. ती त्यांच्या लाकडी पन्हळींत साचून राही आणि ते शिव्या घालत ती बाजूला फेकून देत. १८७०च्या दशकात कुणीतरी ती वाळू तपासली, तेव्हा कळलं की ती शिशाचं खनिज आहे आणि त्यात चांदी आहे. १८७७ मध्ये गाव वसलं, १८८०च्या जनगणनेत वस्ती पंधरा हजारांच्या घरात गेली. १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळला, श्रीमंत कंगाल झाले, पण खाणकाम थांबलं नाही. चांदीनंतर जस्त, शिसं, तांबं असं काही ना काही निघत राहिलं. परिसरातली शेवटची मोठी खाण बंद व्हायला १९९९ उजाडलं. तोवर गावाभोवती खाणकचऱ्याचे दोन हजारांवर लहानमोठे ढीग तयार झाले होते.

या ढिगांत दोन जातीचा माल आहे, आणि पाण्याच्या दृष्टीनं त्या दोहोंत फरक आहे. खनिजापर्यंत पोचण्यासाठी फोडून बाहेर टाकलेला दगड हा एक. तो ओबडधोबड असतो. दुसरा म्हणजे खनिज गिरणीत दळून, त्यातला हवा तो धातू काढून घेतल्यावर उरलेला भुकटीसारखा चुरा. याला खाणधंद्यात ‘टेलिंग्ज’ म्हणतात. एक सेंटिमीटर बाजूचा दगडाचा घन घेतला, तर त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर भरतो. तोच घन दळून दशांश मिलिमीटरचे कण केले, तर एकूण पृष्ठभाग सहाशे चौरस सेंटिमीटर होतो. दगड तेवढाच, पण हवा आणि पाणी यांना भिडायला शंभरपट जागा. शिवाय इतकी बारीक भुकटी साध्या सरीनंही उचलली जाते आणि उतार संपेल तिथे गाळ होऊन बसते. म्हणजे टेलिंग्ज जागीच राहून पाणी बिघडवतात आणि पाण्याबरोबर चालतही जातात.

पाणी बिघडतं ते असं. या खडकांत पायराइट नावाचं लोह आणि गंधक यांचं चकचकीत पिवळं खनिज असतं. जमिनीखाली ते शतकानुशतकं गुमान पडून असतं. उकरून उघड्यावर आणलं, की हवेतला ऑक्सिजन आणि पाणी यांच्याशी त्याची क्रिया होऊन गंधकाम्ल तयार होतं. ही क्रिया एरवी मंद असते. पण लोहावर जगणारे काही जिवाणू ती कितीतरी पटींनी वाढवतात. तयार झालेलं आम्ल शेजारच्या खनिजांतलं जस्त, कॅडमियम, तांबं आणि थोडं शिसं विरघळवतं. पायराइटमधलं लोह पुढे गंजून केशरी रंगाचा साका होतो. कोलोराडोत केशरी ओढा दिसला, की वर कुठेतरी जुनी खाण आहे हे लोक ओळखतात.

आपल्याकडे गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत पावसाळ्यात खाणींच्या डंपांवरून लाल पाणी शेतात उतरताना अनेकांनी पाहिलं असेल. दिसायला दोन्हींत साम्य आहे, पण आजार वेगवेगळे आहेत. गोव्याचं लोहखनिज हे मुळातच गंजलेलं, म्हणजे ऑक्साइड स्वरूपातलं आहे. त्यातून आम्ल फारसं बनत नाही. तिथलं मुख्य दुखणं गाळाचं, म्हणजे भातशेतीवर बसणारा थर आणि उथळ होणारे ओढे हे आहे. तिथे गाळ अडवला की बरंच काम झालं. लेडव्हिलमध्ये गाळ अडवला तरी निम्मं काम उरतं.

बर्फ वितळतो तेव्हा

लेडव्हिलला आपल्यासारखे पावसाचे चार महिने नाहीत. हिवाळाभर बर्फ साचतो आणि मे-जूनमध्ये तो वितळतो, तेव्हा वर्षातलं बरंचसं पाणी काही आठवड्यांत खाली येतं. त्यानंतर जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी गडगडाटासह जोरदार सरी येतात. अर्ध्या तासात कोसळून मोकळ्या होणाऱ्या. या दोन्ही वेळा ढिगांच्या बाबतीत नाजूक असतात, आणि त्याचं कारण मधल्या कोरड्या दिवसांत दडलेलं आहे.

कोरड्या दिवसांत ढिगाच्या आतलं आम्लयुक्त पाणी वातीतल्या तेलासारखं वर चढतं आणि पृष्ठभागावर येऊन उडून जातं. मागे उरतात पांढरे-पिवळसर क्षार. मिठागरात मीठ धरतं तसाच हा प्रकार, फक्त इथलं मीठ जस्ताचं, लोहाचं, कॅडमियमचं. ते पाण्यात चटकन विरघळतं. त्यामुळे मोठ्या खंडानंतरची पहिली सर, किंवा वसंतात ढिगावरून उतरणारं पहिलं पाणी सगळ्यांत विषारी असतं. नंतरचं तुलनेनं सौम्य. महिन्यातून एकदा ठरलेल्या तारखेला पाण्याचा नमुना घेणाऱ्याला हा पहिला लोंढा बहुधा सापडतच नाही, आणि त्याच्या वहीत ओढा चांगला दिसतो.

गावाच्या पूर्व अंगाला ‘स्ट्रे हॉर्स गल्च’ नावाची घळ आहे. तिच्या दोन्ही काठांवर ढीग आहेत. या घळीचं पाणी ‘स्टार डिच’ नावाच्या चरातून गावाच्या कडेनं वाहत खाली कॅलिफोर्निया गल्चला मिळतं आणि तिथून अर्कान्सॉ नदीला. म्हणजे गावाचा पावसाळी नाला आणि खाणीचं सांडपाणी हे एकाच चरातून जाणार, अशी मुळातली रचना. ती कुणी दुष्टपणानं केली नव्हती. खाणी आणि घरं एकाच वेळी, एकाच उतारावर, घाईघाईत उभी राहिली आणि पाण्यानं आपली वाट धरली.

चरात पाण्याचा वेग जिथे मंदावतो, तिथे गाळ बसतो. मोरीच्या तोंडाशी, वळणावर, उतार संपून सपाटी लागते तिथे. मोरी तुंबली की पाणी रस्त्यावर येतं, रस्त्यावरून अंगणात. ओसरल्यावर अंगणात राहतो तो गाळ वाळून धूळ होतो. उंचावरच्या गावांत आणखी एक भानगड असते: दुपारी वितळलेलं पाणी रात्री चरातच गोठतं, दुसऱ्या दिवशीचं त्यावर. असं करत चर बर्फानंच भरून जातो आणि ऐन वितळणीच्या वेळी त्यात पाण्याला जागा उरत नाही. नकाशावर चराची रुंदी-खोली पुरेशी असते. एप्रिलमध्ये ती नसते.

धूळ, बोटं आणि रक्त

हा गाळ अंगणात आला तर नेमकं काय बिघडतं? मोठ्या माणसाचं फारसं नाही. प्रश्न आहे तो रांगणाऱ्या, मातीत खेळणाऱ्या, बोटं तोंडात घालणाऱ्या पोरांचा. शिसं शरीरात कॅल्शियमची नक्कल करतं आणि वाढत्या मुलाचं शरीर कॅल्शियमच्या शोधातच असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार, तोंडावाटे गेलेल्या शिशापैकी लहान मुलं मोठ्यांच्या चार ते पाच पट शिसं शोषून घेतात. मुलात लोहाची कमतरता असेल, तर हे प्रमाण आणखी वाढतं. हाडांत ते वर्षानुवर्षं साठून राहतं, आणि मेंदूच्या वाढीवर, एकाग्रतेवर, शिकण्याच्या कुवतीवर त्याचा परिणाम होतो. मूल आजारी दिसत नाही. ताप नाही, पुरळ नाही. शाळेत थोडं मागे पडतं, आणि त्याचं खापर दुसऱ्याच कशावर तरी फुटतं.

किती शिसं म्हणजे जास्त, याचं उत्तर गेल्या काही दशकांत सतत खाली येत गेलं आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं १९९१ मध्ये मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम ही चिंतेची पातळी धरली होती. २०१२ मध्ये ती ५ झाली आणि २०२१ मध्ये ३.५. निर्धोक म्हणता येईल अशी पातळी आजवर सापडलेली नाही.

मातीचं गणित याहून गुंतागुंतीचं आहे. लेडव्हिलच्या घरांच्या अंगणांतली माती तपासली, तेव्हा प्रश्न आला की किती शिसं असलं म्हणजे ती उचलून नवी टाकायची? एक किलो मातीत किती मिलिग्रॅम शिसं, एवढं पाहून भागत नाही, कारण शिसं कोणत्या रूपात आहे यावर त्याचं पचनमार्गात विरघळणं अवलंबून असतं. हे मोजण्यासाठी मिसुरी विद्यापीठात लहान डुकरांना वेगवेगळ्या खाणगावांची माती ठरावीक मात्रेत खाऊ घालून त्यांच्या रक्तातलं शिसं मोजण्यात आलं. डुकराच्या पिलाचं पचन लहान मुलाच्या पचनाशी बरंच मिळतंजुळतं असतं. त्या नमुन्यांत लेडव्हिलची मातीही होती. एकाच गावच्या नमुन्यांत केवढा फरक निघाला! भट्टीतून निघालेल्या काचेसारख्या मळीतलं शिसं कमी शोषलं गेलं. लोह-मँगेनीजबरोबर असलेलं शिसं जवळजवळ पूर्ण. अंगणातली माती या दोहोंच्या मधली.

अखेर स्थानिक पाहण्यांच्या आधारे, घराच्या मातीत किलोमागे ३,५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं आढळलं तर कारवाई करायची, असं ठरलं. हा आकडा मोठा आहे. घरगुती मातीसाठी देशभर वापरला जाणारा प्राथमिक तपासणीचा आकडा तेव्हा ४०० होता. जानेवारी २०२४ मध्ये तो २०० करण्यात आला. तपासणीचा आकडा आणि सफाईचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खरं. पण रक्तातली पातळी दोनदा खाली आणल्यावर, जुन्या हिशेबावर बेतलेला मातीचा आकडा पुन्हा तपासून पाहायला हवा, असं कुणालाही वाटेल.

या आकड्यापेक्षा जास्त उपयोगी ठरली ती त्यासोबतची माणसांची योजना. १९९०च्या दशकात आसार्को या खाणकंपनीच्या खर्चानं ‘किड्स फर्स्ट’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे त्याच धर्तीवर परगण्याचा आरोग्य कार्यक्रम आला. मुलांचं रक्त ऐच्छिक तपासायचं. पातळी जास्त निघाली, तर त्या घरी जायचं आणि शिसं कुठून येतंय ते शोधायचं: अंगणातून, जुन्या रंगातून, नळातून की घरातल्या धुळीतून. मग जिथून येतंय तिथला बंदोबस्त करायचा. अमेरिकेत घरांना शिशाचा रंग द्यायला १९७८ मध्ये बंदी आली, आणि लेडव्हिलमधली बरीच घरं त्याहून कितीतरी जुनी आहेत. सगळा दोष खाणीवर ढकलून अंगण बदललं आणि खिडकीच्या चौकटीचा रंग तसाच राहिला, तर मुलाच्या रक्तात काही फरक पडणार नाही.

ढीग हलवायचे की पाणी?

१९८३ मध्ये, गावासह सुमारे ४६ चौरस किलोमीटरचा हा परिसर ‘सुपरफंड’ यादीत गेला. अतिशय दूषित जागा साफ करण्यासाठी अमेरिकेनं १९८० मध्ये केलेल्या कायद्याखालची ही यादी. त्याच सुमारास एक घटना वारंवार घडत होती. खाणींतलं पाणी बाहेर काढण्यासाठी १८९५ मध्ये खणायला घेतलेला ‘याक’ नावाचा बोगदा अधूनमधून साचलेला साका ओकायचा. १९८५ मध्ये असाच एक लोंढा आला आणि खाली अर्कान्सॉ नदीचं पाणी लाल-केशरी झालं. १९९२ पासून या बोगद्याच्या तोंडाशी शुद्धीकरण केंद्र चालू आहे. तिथे चुना घालून पाण्याची आम्लता घालवतात; पाणी पुरेसं अल्कधर्मी झालं की विरघळलेले धातू साक्याच्या रूपात वेगळे होतात आणि खाली बसतात.

वर डोंगरावर मात्र पेच वेगळा होता. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, ढीग उचलून दूर न्यावेत किंवा झाकून टाकावेत. लेडव्हिलच्या लोकांना ते नको होतं. गावाचा जुना भाग १९६१ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा म्हणून नोंदलेला आहे. लाकडी ओंडक्यांच्या भिंतींनी तोललेले ते पिवळे-करडे ढीग म्हणजे त्यांच्या आज्या-पणज्यांच्या कष्टांची खूण. एका सरकारी खात्यानं येऊन त्याला ‘कचरा’ म्हणावं, हे त्यांना झोंबलं. शिवाय यादीत नाव गेल्यावर घराला गिऱ्हाईक मिळेना, ही अडचण होतीच. कित्येक वर्षं गाव आणि पर्यावरण खातं यांच्यात विस्तव जात नव्हता.

तडजोड निघाली ती गंमतीदार म्हणावी अशी. काही ढीग झाकले गेले, काही तसेच ठेवले, आणि हात घातला तो मुख्यतः पाण्याला. डोंगरावरून येणारं चांगलं पाणी ढिगांना शिवूच नये म्हणून ढिगांच्या वरच्या अंगानं चर काढून ते बाजूनं वळवलं. ढिगांवर थेट पडणारं आणि त्यांतून झिरपणारं वाईट पाणी खालच्या अंगाला तळ्यांत अडवलं. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात डोंगरउतारावर आडवे चर काढतात ते पाणी जिरावं म्हणून; इथे नेमकं उलट, पाणी अजिबात जिरू नये म्हणून. कारण चांगल्या पाण्याचा प्रत्येक लिटर ढिगात शिरला, की शुद्ध करावं लागणारं पाणी तेवढ्यानं वाढतं. जुन्या रेल्वेमार्गांवरून आणि खाणवाटांवरून या भागात पुढे साडेअठरा किलोमीटरची सायकल आणि पायी चालण्याची डांबरी वाट झाली. २००० मध्ये ती खुली झाली, आणि ढीग आता लोक मुद्दाम पाहायला येतात.

तळ्यांचा गुण मोठा, पण मर्यादाही तेवढीच. पाण्यात खाली बसणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या जाडीच्या वर्गावर ठरतो: कण दहापट बारीक, तर बसायला शंभरपट वेळ. वाळू मिनिटांत बसते. पिठासारख्या टेलिंग्जना तास-दिवस लागतात आणि मध्येच सर आली, की बसलेलं पुन्हा उठतं. आणि विरघळलेलं जस्त तर तळ्यात वर्षभर ठेवलं तरी जस्तच राहतं. म्हणून या तळ्यांत साठलेलं पाणी ‘मेरियन’ नावाच्या एका जुन्या खाणीच्या विहिरीतून खाली जमिनीत सोडायचं ठरलं. तिथून ते जुन्या खोदकामाच्या जाळ्यातून वाट काढत दुसऱ्या एका बोगद्यात पोचतं, आणि त्या बोगद्याच्या तोंडाशी दुसरं शुद्धीकरण केंद्र आहे. डोंगरालाच नळ बनवलं, म्हणा ना.

या दुसऱ्या बोगद्यानं २००८ मध्ये सगळ्यांची झोप उडवली. युद्धकाळात खाणींतलं पाणी काढून जस्त-शिसं मिळवण्यासाठी सरकारनं तो १९४३ ते १९५२ या काळात खणला होता. लांबी सुमारे साडेतीन किलोमीटर. आत कुठेतरी छत कोसळलं आणि त्यामागे पाणी तुंबू लागलं. अंदाज होता अब्जावधी लिटरचा. बोगद्याच्या तोंडाजवळच घरांची वस्ती. फेब्रुवारीत परगण्याच्या आयुक्तांनी आणीबाणी जाहीर केली. बोगदा ज्यांच्या ताब्यात आहे त्या ब्युरो ऑफ रिक्लमेशनचं म्हणणं होतं, की तो फुटण्याचा तातडीचा धोका नाही. पर्यावरण खात्यानं तरीही वरून विंधनविहीर घेऊन पाणी उपसून शुद्धीकरण केंद्राकडे वळवलं. बोगदा फुटला नाही. तरी भीती अगदीच निराधार नव्हती, हे सात वर्षांनी याच राज्यात दिसलं. ऑगस्ट २०१५ मध्ये सिल्व्हरटनजवळच्या गोल्ड किंग खाणीत खुद्द पर्यावरण खात्याचं काम चालू असताना तिचं तोंड फुटलं आणि एक कोटी लिटरहून जास्त केशरी पाणी अ‍ॅनिमस नदीत गेलं.

लेडव्हिलच्या प्रसंगातून निदान एक गोष्ट स्पष्ट झाली. वरच्या घळीत अडवलेलं पावसाचं पाणी आणि बोगद्यामागे तुंबलेलं पाणी हे एकाच साठ्यात जातं. ज्या वर्षी बर्फ जास्त, त्या वर्षी जमिनीखालची पातळी जास्त. वरचा चर तुंबला तर खालच्या पंपावर भार येतो. कागदावर ही दोन खात्यांची, दोन निधींची, दोन अहवालांची कामं आहेत.

नदीचं काय झालं, तेही पाहायला हवं. जस्ताच्या गोळ्या आपण अतिसार झालेल्या मुलाला औषध म्हणून देतो. तेच जस्त पाण्यात अगदी थोडं असलं तरी ट्राउट माशाच्या कल्ल्यांवर घाव घालतं, कॅल्शियम आत घेण्याची त्यांची वाट अडवतं. लेडव्हिलच्या खाली अर्कान्सॉ नदीत तपकिरी ट्राउट सापडायचे, पण तीन वर्षांच्या पुढचा मासा क्वचितच. नदीकाठी सुमारे १८ किलोमीटरच्या पट्ट्यात वाहून आलेल्या टेलिंग्जचे थर बसले होते आणि त्यांवर गवताची काडी उगवत नव्हती. हे थर उचलून नेण्याचा खर्च अफाट. १९९८ च्या सुमारास त्याऐवजी त्यांत चुना आणि डेन्व्हरच्या मैलापाणी केंद्रातला वाळवलेला सेंद्रिय गाळ मिसळला. धातू तिथेच राहिले. पण आम्लता गेली, सेंद्रिय पदार्थानं त्यांना धरून ठेवलं, आणि गवत आलं. गवताच्या मुळांनी काठ धरला, त्यामुळे पुराबरोबर वाहून जाणंही कमी झालं. दोन्ही शुद्धीकरण केंद्रं चालू झालेली होतीच. २०१४ मध्ये कोलोराडोच्या वन्यजीव खात्यानं अर्कान्सॉचा १६४ किलोमीटरचा पट्टा उत्तम ट्राउटचं पाणी म्हणून ‘गोल्ड मेडल’ दर्जाचा ठरवला, आणि तो लेडव्हिलजवळूनच सुरू होतो.

खर्चाचं गणित मात्र सुटलेलं नाही. आसार्को २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली. याक बोगद्याचं केंद्र न्यूमाँट समूहातली रेझरेक्शन कंपनी चालवते, दुसरं केंद्र ब्युरो. दोन्हीकडे रोज चुना लागतो, रोज साका निघतो, आणि तो साका कुठेतरी नेऊन टाकावा लागतो. ढिगांतला पायराइट कधी संपेल, याची तारीख कुणी देऊ शकत नाही. स्पेनमधल्या रिओ टिंटो भागात रोमनांच्या काळापासून खाणी आहेत आणि तिथली नदी आजही आम्लधर्मी आहे. चर मात्र दरसाल गाळानं भरतो. तो उपसावा लागतो, आणि उपसलेला गाळ शेजारच्या भरावाला वापरता येत नाही, कारण त्यातच तर शिसं आहे. झाकलेल्या ढिगावर खोदकाम करायचं, तर परवानगी लागते. कुणी घराचा पाया खणताना निघालेली माती उचलून दुसऱ्याच्या अंगणात टाकली, तर वीस वर्षांचं काम एका ट्रॉलीत उलटं होऊ शकतं.

त्यामुळे लेडव्हिलमध्ये एप्रिलचा महिना तपासणीचा असतो. तळ्यांत मेच्या लोंढ्यासाठी जागा आहे का, वळवणीचे चर कुठे खचले आहेत का, मोऱ्यांत बर्फ अडकलेला नाही ना, हे पाहिलं जातं. मग वरचा बर्फ वितळू लागतो, आणि पहिलं पाणी उतरतं तेव्हा नमुन्याच्या बाटल्या घेऊन कुणीतरी चरापाशी उभं असावं लागतं.